तिसऱ्याच्या कानावर

माझ्या नोकरीत मी जितक्या शिव्या इंग्रजीत लिहिल्या, तितक्या आमच्या गल्लीत कुणी मराठीत दिल्या नसतील. सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. माझी स्वतःची एकही नव्हती, पण प्रत्येकीच्या खाली 'भाषांतर बरोबर आहे' असं म्हणून सही मात्र माझी होती. औरंगाबादच्या एका कोर्टात मी भाषांतरकार होतो. लोक मला मुन्शीजी म्हणत. ते नाव खरं तर वडिलांचं. ते निजामाच्या अदालतीत मुन्शी होते, आणि घरातली जुनी छत्री यावी तसं ते नाव माझ्याकडे आलं.

पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी शाळेत होतो आणि उर्दूत भूमिती शिकत होतो. एका वर्षी जो मुसल्लस होता तो पुढच्या वर्षी त्रिकोण झाला. आमच्या वर्गातल्या पुष्कळ पोरांचा त्यात गोंधळ उडाला. माझा फायदा झाला. उर्दू घरची, मराठी दारची, आणि इंग्रजी वडिलांनी छडी घेऊन शिकवलेली. पुढे आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कोर्टात जुनी दफ्तरं उर्दूत, नवे जबाब मराठीत आणि कायद्याची पुस्तकं इंग्रजीत अशी तिहेरी गंमत सुरू झाली, तेव्हा तिन्ही वाचणारा माणूस हवाच होता. मला चिकटवून घेतलं. नोकरी कच्ची होती, पण खुर्ची पक्क्या सागवानाची होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा. तसं असतं तर शब्दकोशालाच पगार दिला असता. माझ्याकडे एक वही होती. तिच्यात मी अडलेले शब्द लिहून ठेवायचो, आणि सगळ्यांत जास्त पानं गेली होती ती अब्रूच्या शब्दांना. फौजदारी कोर्टात जमिनीनंतर माणसं कशासाठी भांडत असतील तर नावासाठी.

इंग्रजांनी या कामाला किती शब्द करून ठेवलेत, ते बघून मला त्यांच्याबद्दल शंका यायची. नुसतं बोलून नाव घालवलं तर स्लँडर. लिहून, छापून घालवलं तर लायबेल. दोन्हींना मिळून डिफेमेशन. आपल्या फौजदारी कायद्याला हा बोलण्या-लिहिण्याचा भेद नाही, तिथं सगळ्याचं एकच कलम. पण वकिलांच्या नोटिशीत दोन्ही शब्द असायचेच, कारण नोटिशीचं वजन शब्दांवर ठरतं असा त्यांचा समज. मग मलाइन, म्हणजे मनात विष ठेवून वाईट बोलणं. कॅलम्नी म्हणजे धडधडीत खोटा आळ. व्हिलिफाय म्हणजे एखाद्याला पार राक्षस करून टाकणं. आणि डिस्पॅरेज म्हणजे हिणवणं, किंमत कमी करणं. हे माणसालाही चालतं आणि मालालाही.

आपण काही यात गरीब नाही. आळ, किटाळ, नालस्ती, कुचाळकी, चहाडी. प्रत्येकाचा वास वेगळा आहे. चहाडी करणारा खालच्या आवाजात बोलतो, नालस्ती करणारा चारचौघांत. उर्दूत तर वडिलांनी मला एक भेद शिकवला होता, तो मी कधी विसरलो नाही. पाठीमागे खोटं बोललं तर ते बोहतान. पाठीमागे खरं बोललं, तर ती गीबत. पाप दोन्ही. निजामाच्या अदालतीत अब्रुनुकसानीला 'इजाला-ए-हैसियत-ए-उर्फी' म्हणत. वडील हे पूर्ण नाव उच्चारत तेव्हा ऐकणाऱ्यालाच गुन्हेगार असल्यासारखं वाटे.

पण या सगळ्या शब्दांच्या मुळाशी कायद्याची एक अट आहे, आणि ती पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावी लागेल. तुम्ही मला बंद खोलीत, मी एकटा असताना, काय वाटेल ते म्हणा. तो अपमान झाला, पण बदनामी झाली नाही. बदनामी व्हायला ती तिसऱ्याच्या कानावर जावी लागते. तसंच पत्राचं. मला बंद पाकिटातून शिव्या पाठवल्यात आणि मी त्या वाचून फाडून टाकल्या, तर माझं डोकं फिरेल, पण माझं नाव जिथल्या तिथं राहील. मीच ते पत्र गावभर दाखवत फिरलो, तर बदनामी माझी मीच केली. कायदा याला पब्लिकेशन म्हणतो. मी मराठीत 'तिसऱ्याच्या कानावर' असं लिहायचो. आमच्या कचेरीचे मुख्य कारकून म्हणजे शिरस्तेदार, त्यांना ते फार बाजारू वाटायचं.

गमतीही पुष्कळ झाल्या. साक्षीदाराला विचारायचं, आरोपी नेमकं काय बोलला? साक्षीदार लाजणार. सभ्य असला तर म्हणणार, 'लई वंगाळ बोलला साहेब.' तेवढ्यावर भागत नाही, शब्द लागतात. मग तो पुढे वाकून माझ्या कानात सांगणार, आणि मी ते भरकोर्टात मोठ्यानं इंग्रजीत सांगायचं. इंग्रजी या बाबतीत अगदीच सपक. आमच्याकडच्या एका शिवीत तीन पिढ्यांचं नातं, गावचं नाव आणि एक जनावर येतं; इंग्रजीत त्याचं एक परिच्छेदाएवढं वाक्य होतं आणि ऐकणाऱ्याला वंशावळ ऐकल्यासारखं वाटतं. खुलताबादच्या एका गृहस्थाला शेजाऱ्यानं गाढव म्हटलं होतं. फिर्याद लिहिताना त्यांनी कुठून तरी कॅलम्नी शब्द ऐकून आणला आणि हट्ट धरला की तोच पाहिजे, लांबलचक आहे. मी सांगितलं, कॅलम्नीला खोटा आरोप लागतो, आणि गाढव हा आरोप नव्हे, शिवी आहे. ते म्हणाले, "मुन्शीजी, आरोपच हाय. आन खोटा हाय." 

एक हिमरू विणणारे म्हातारे आले होते. गुलमंडीतला एक कापडवाला गिऱ्हाइकांना सांगायचा की यांचा हिमरू हातमागाचा नाही, मिलचा आहे. मी प्रामाणिकपणे भेद समजावला, की ही मालाची नालस्ती झाली, तुमची नाही. इंग्रजीत याला डिस्पॅरेज म्हणतात. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाले, "कपडा अलग, मैं अलग? चालीस साल से मेरेकू तो मालूम नै पड्या." पुढं दोघांची समजूत झाली, प्रकरण मिटलं. पण त्या दिवशी मी वहीतल्या डिस्पॅरेजपुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. ते शेवटपर्यंत राहिलं.

एवढं सगळं सांगितल्यावर माणसाला वाटेल, हा शब्दाच्या बाबतीत फार काटेकोर. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आता अमीनाबीची हकिकत.

अमीनाबी मणियारीण. बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यात राहायची आणि आसपासच्या तीन गावांत बांगड्या भरायची. मणियारांची गावं ठरलेली असतात. एकाच्या गावात दुसरा टोपली घेऊन जात नाही. ही तीन गावं तिच्या नवऱ्याची होती. तो वारला आणि टोपली तिनं डोक्यावर घेतली. गफूर म्हणून तिचा धाकटा दीर औरंगाबादेत राहायचा. त्याचं म्हणणं, भावाची गावं भावाकडं यायला पाहिजेत. ती देईना.

मग एके दिवशी तिच्या नावानं बंद पाकीट आलं. त्या गावात टपालाची एक पद्धत होती. शाळेचे मास्तरच पोस्टाचं काम बघत. टपाल बाजाराच्या दिवशी वाटायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून तिथंच वाचून दाखवायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून नांदायला येते आहे, ते सगळं बाजार करता करता गाव ऐकायचं. मास्तरांनी अमीनाबीचं पाकीट फोडलं आणि सवयीनं, मोठ्या आवाजात वाचायला लागले. गफूरनं लिहिलं होतं की, तू बांगड्या भरायच्या निमित्तानं बायकांत शिरतेस, पोरींच्या चिठ्ठ्या इकडून तिकडं पोचवतेस, तुझ्यामुळं दोन घरं मोडली. मास्तर थांबले तोवर निम्मं वाचून झालं होतं. पुरे होतं तेवढं.

ज्यांनी बांगड्या भरताना पाहिलं नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. मणियारीण पार माजघरापर्यंत जाते. बाई तिच्यापुढं बसते, हात तिच्या हातात देते आणि हात तिच्या ताब्यात असेपर्यंत चार गोष्टी बोलते. सासू समोर नसली तर जास्तच बोलते. हा सगळा धंदा विश्वासावर चालतो. त्या बाजारानंतर अमीनाबीला दारं बंद झाली. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. ती आली की बायका म्हणायच्या, "आत्ताच भरल्या की गं," आणि हात पदराखाली घ्यायच्या. तीन गावांत कुणी तिच्यापुढं हात करेना. तिनं बिडकीनला कुणाला तरी विचारलं, तिथून औरंगाबाद गाठलं, आणि दिरावर फिर्याद केली.

तिचा आणि साक्षीदारांचा जबाब आमच्याकडच्या जुन्या साहेबांपुढं मराठीत झाला. मग साहेबांची बदली झाली. नवे आले ते गुजरातकडचे. मराठी त्यांना ऐकून कळायची, पण कारकुनाच्या हातचं मराठी वाचता येत नसे. त्यांनी सगळे जबाब इंग्रजीत करून मागितले. ते बाड माझ्याकडं आलं.

आता माझी चूक सांगतो. भाषांतरकाराकडं येणाऱ्या कागदांत निम्मी वाक्यं तीच ती असतात. 'मी वर लिहिलेल्या ठिकाणी राहतो.' 'आरोपीस मी ओळखतो.' 'पत्र मिळाले, वाचून मजकूर समजला.' अशा वाक्यांचे साचे हातात तयार असतात. डोळ्यांना सुरुवात दिसली की हात शेवटापर्यंत लिहून मोकळा होतो, आणि याचा अभिमान वाटतो, कारण हाच वेग बघून शिरस्तेदार खूश होतात. अमीनाबीच्या जबाबात होतं: 'बंद पाकीट आलं. मास्तरनं वाचलं. मंग कळलं त्यात काय लिवलंय.' मी लिहिलं, आय रिसीव्ह्ड द लेटर, रेड इट अँड अंडरस्टूड द कंटेंट्स. स्वच्छ, दफ्तरी, एका दमात. त्यात मास्तर नव्हते, आणि मास्तरांबरोबर ओटाही गेला, बाजारही गेला. खाली सही करून मी चहाला गेलो.

मास्तर साक्षीला आले असते तर निभावलं असतं. पण त्यांची लांब कुठं तरी बदली झाली होती, समन्स दोनदा परत आलं. साक्षीला राहिल्या गावातल्या दोन बायका. त्यांनी सांगितलं होतं, 'बाजारात कागदाचं ऐकलं.' कुणाच्या तोंडून, ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या युक्तिवादाला गफूरचे वकील उभे राहिले. वयस्क, हुशार, आवाज मऊ. त्यांनी माझं भाषांतर हातात घेऊन ते वाक्य वाचलं. म्हणाले, पाकीट बंद होतं. बाईच्याच नावावर होतं. बाई स्वतः सांगते की तिनं ते वाचलं. मग बाजाराला कळलं कसं? तिनंच सांगितलं. माझ्या अशिलानं तिसऱ्याच्या कानावर काही घातलेलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी, आपलं वाक्य भरकोर्टात किती सुरेख ऐकू येतंय असंच मला वाटलं. मग मी बाकावर बसलेल्या अमीनाबीकडं पाहिलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. तिला एक अक्षर कळत नव्हतं. वकील मऊ बोलतायत म्हणून तीही जरा सैल होऊन बसली होती.  मी मूळ कागद काढून पाहिला. त्यात मास्तर होते. पानाच्या तळाशी, सहीच्या जागी, निशाणी अंगठा होता.

मी गप्प बसलो. निकाल सोमवारवर ठेवला गेला, साहेब उठले, आणि मी तरी गप्पच. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुपारी आवारातल्या लिंबाखाली ती माझ्यापुढं आली. हातात तारखेची चिठ्ठी होती.

"मुन्शीजी, येवढं वाचून सांगता का? कोन्त्या वारी यायचं? मागल्या टायमाला एकानं चुकीचा वार सांगितला, फुकट हेलपाटा झाला."

तिला वाचता येतं असं सरकारी कागदावर सहीनिशी लिहून देणारा मी, आणि तीच मला चिठ्ठी वाचायला सांगत होती. मी चिठ्ठी हातात घेतली. "सोमवार," म्हणालो.

"सोमवारी निकाल लागंल ना? माझ्या बाजूनं लागंल ना?"

"बघू," म्हणालो.

"लागंलच," ती म्हणाली. "खरं हाय ते खरं हाय. अल्ला बघतो आन तुमी लिवता."

तिथून मी सरळ शिरस्तेदारांकडं गेलो. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढलं होतं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची आहे. भाषांतरकाराची चूक म्हणजे शेरा, आणि शेरा म्हणजे घरी जाणं. शिवाय कुणाला कळणार आहे? ती बाई इंग्रजी वाचणार नाही. साहेब मराठी वाचणार नाहीत. दोन्ही वाचणारा मधे तू एकटाच आहेस."

त्यांना वाटलं, हे ऐकून मला धीर येईल. मला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत राहिलं.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. साहेबांनी मूळ जबाब मला वाचायला लावला. मी वाचला. ते हिंदीत म्हणाले, "नीचे क्या है?" मी म्हणालो, अंगठा.  "अंगूठा तो मेरे सामने भी था," म्हणाले. मग म्हणाले की, हे खोलीत सांगून चालणार नाही. सोमवारी दोन्ही बाजूंसमोर सांगावं लागेल.

सोमवारी सांगितलं. अमुक पानावरचं अमुक वाक्य मी चुकीचं भाषांतरित केलं, फिर्यादीनं पत्र स्वतः वाचलं नाही, ते मास्तरांनी वाचलं असं मूळ जबाबात आहे. वकीलसाहेब उठले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता. "मुन्शीजींनी प्रौढ शिक्षणाचं फार मोठं काम केलंय. अंगठेवाल्या बाईला एका ओळीत वाचायला शिकवलं. आणखी किती साक्षीदारांना साक्षर केलंय, तेही एकदा तपासावं." कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. त्यात खोटं काही नव्हतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

साहेबांनी अमीनाबीला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि मला विचारायला सांगितलं: पत्र तू स्वतः वाचलंस का?

तिला आधी प्रश्नच कळेना. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी लिवलं व्हतं मी वाचलं म्हून?"

"हो," म्हणालो.

ती रागावली नाही. साहेबांकडं वळून म्हणाली, "साहेब, मला वाचता आलं असतं तर घरात बसून वाचलं असतं, आन चुलीत घातलं असतं. कुनाला कळू दिलं असतं का मी? मला येत न्हाई म्हून तर गावानं ऐकलं. आन ह्या गफूरला ते ठावं हाय. माझा नवरा कापसाच्या दिसात भाईर ऱ्हायचा, तवा ह्यो गावातच व्हता, नवऱ्याचे कागद ह्यानंच मला वाचून दावलेत."

कायद्याच्या पुस्तकात पब्लिकेशनवर पानंच्या पानं आहेत. तिनं ते सगळं चुलीजवळ आणून ठेवलं. मी ते नोंदीसाठी इंग्रजीत सांगितलं, या खेपेला एकेक शब्द जपून, चूल, घर, कापूस, सगळं. साहेबांनी लिहिणं थांबवून गफूरला विचारलं, हिचे कागद तू वाचून दाखवायचास? त्यानं वकिलाकडं पाहिलं. मग "व्हय" म्हणाला.

निकाल आठवड्यानं लागला. पत्र बंद असलं, तरी ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला लिहिणारा तिसऱ्यासाठीच लिहितो, आणि गफूरला ही गोष्ट आणि त्या गावची पद्धत माहीत होती, असं साहेबांनी लिहिलं. गफूरला शिक्षा झाली. माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'कामात निष्काळजी.' घरी नाही गेलो, पण नोकरी पक्की व्हायला दोन वर्षं जास्त लागली. वकील मंडळी पुढं कितीतरी वर्षं माझं भाषांतर हातात आलं की म्हणायची, "मूळ दाखवा, नाहीतर अंगठेवाले वाचायला लागतील." माझं नाव गेलं होतं, पण खरं बोलून घालवलं होतं. त्याची फिर्याद कुठं करता येत नाही. वडिलांच्या भाषेत ती गीबतसुद्धा नव्हती, कारण सगळे तोंडावर बोलायचे.

पण निकालाच्या दिवशी अमीनाबी आनंदली नाही. मी तिला निकाल समजावून सांगत होतो. तिनं विचारलं, "ह्यो कागद कुटं ऱ्हातो?"

"इथं. दफ्तरात."

"मंग माझ्या काय कामाचा? गाव कुटं येतंय दफ्तरात? तेचं पाकीट ओट्यावर वाचलं, आन ह्यो कागद कपाटात?" मग म्हणाली, "तुमी या. तिथंच वाचा. येवढं देनं लागता तुमी मला."

मी पुढच्या बाजाराच्या दिवसाची रजा टाकली आणि निकालाची नक्कल घेतली. शिरस्तेदारांना कारण सांगितलं नाही. बिडकीनपर्यंत बस, पुढं बैलगाडी आणि थोडं पायी. शाळेला नवे मास्तर आले होते. त्यांची पत्रं वाचून झाल्यावर मी ओट्यावर बसलो. समोर बाजार होता, मिरच्या, भांडी, कोंबड्या. अमीनाबी पायरीखाली टोपली घेऊन बसली, टोपलीवरचं फडकं तसंच ठेवून.

रस्त्यात मी निकालाचं मराठी करून ठेवलं होतं. चांगलं केलं होतं. 'अब्रुनुकसानी', 'हेतुपुरस्सर', 'सिद्ध'. दोन ओळी वाचल्या आणि समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं की आपण पुन्हा तेच करतोय. मी कागद खाली ठेवला. म्हणालो, "ह्या ओट्यावर एक पाकीट वाचलं होतं. त्यात अमीनाबीबद्दल जे लिहिलं होतं, ते खोटं होतं. कोर्टानं सगळ्यांना विचारून तपासलं. लिहिणाऱ्याला शिक्षा झाली. हे कोर्टाचं म्हणणं आहे, आणि हा त्याचा कागद आहे."

इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत आखूड भाषांतर. मागून एक म्हातारी ओरडली, "इकडं ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा वाचा." मी पुन्हा सांगितलं. मग तराजूवाल्याकडची माणसं आली, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. कुणी वाईट वाटलं म्हणालं नाही, की चुकलं म्हणालं नाही. मला वाटलं, संपलं, आता उठावं.

तेवढ्यात मघाशी ओरडलेली म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं आली. पायरीवर टेकली, पदर सावरला आणि उजवा हात अमीनाबीपुढं केला. मनगटात दोनच बांगड्या राहिल्या होत्या, त्याही फिक्या पडलेल्या.  अमीनाबीनं टोपलीवरचं फडकं काढलं, म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला, बोटं जुळवून चेपून पाहिली. म्हातारीच्या मागं आणखी दोघीजणी येऊन बसल्या होत्या. मी चौथ्यांदा सांगायला कागद उचलला, पण आता माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"हात ढिला सोड गं माय," अमीनाबी म्हणत होती. "ढिला सोड. न्हाईतर लागंल."